‘धुंदी’, ‘झिंग’ की आणखी काही? एक्स्टसी आणि अ‍ॅसिड हाउसविषयी लिहिताना पडलेला पेच

नीरजा: १९८८ च्या ब्रिटनमधील अ‍ॅसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावरचा एक लेख मी मराठीत आणते आहे. मँचेस्टरच्या हासिएंडा क्लबात एक्स्टसी या अमली पदार्थाची गोळी घेऊन नाचणाऱ्यांच्या अवस्थेला मी ‘धुंदी’ म्हटले. लेख तपासणाऱ्या बाईंनी त्यावर काट मारून ‘झिंग’ केले. मला आता दोन्ही खटकतात. एरवी फुटबॉलच्या सामन्याला एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे पाठीराखे तिथे घामाने निथळत अनोळखी माणसाच्या गळ्यात पडत, असे ते वर्णन आहे. झिंगलेल्याचा तोल जातो आणि धुंद झालेला आपल्यातच असतो. ही माणसे तर तासन्‌तास ठेका न चुकवता नाचत होती.

जुनाजाणता: ‘एक्स्टसी’च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘स्वतःबाहेर उभे राहणे’ असा आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला ‘उन्मनी’, म्हणजे मनापलीकडची अवस्था, हा शब्द त्याच्या अगदी जवळचा आहे. घरात शब्द असताना उसना कशाला आणावा?

रसायनवाला: काका, आदर राखूनही मला हे मान्य नाही. एमडीएमए हे एक्स्टसीतले रसायन मर्क या जर्मन कंपनीत १९१२ साली तयार झाले. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील काही मानसोपचारक ते रुग्णांना देत आणि त्याला ‘अ‍ॅडम’ म्हणत. ‘एक्स्टसी’ हे नाव विक्रेत्यांनी नंतर चिकटवले. ‘एम्पथी’ (दुसऱ्याच्या भावनेशी समरस होणे) अधिक समर्पक होते, पण त्या नावाने माल खपला नसता, असे सांगतात. विक्रेत्याच्या लेबलाचे ओझे योग्यांच्या शब्दावर टाकू नये.

सुमती: मग ‘उमाळा’ का नको? आई माहेरच्या माणसाला पाहून जशी भरून येई, त्याला आमच्याकडे मायेचा उमाळा म्हणत. त्यात समोरचा माणूस गृहीत असतो, आणि नेमके तेच ‘नशा’, ‘कैफ’, ‘तार’ यांत नाही.

नीरजा: सुमतीताई, यावरून ‘भरते’ सुचले. गोळीचा परिणाम लाटेसारखा चढतो आणि दोनतीन दिवसांनी मन खचते, त्यामुळे ‘ओहोटी’ही हाताशी येते.

रसायनवाला: शब्द सुंदर आहे, म्हणूनच मला भीती वाटते. कोंदट जागेत नाचताना अंग तापून माणसे दगावली आहेत. काही जण घाबरून अतोनात पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम उतरून दगावले. हे ‘भरते’ शब्दात कुठे दिसते?

सुमती: ते वाक्यात दिसावे. एकाच शब्दावर सगळा भार का?

हणजूणकर: ‘रेव्ह’चे, म्हणजे अशा संगीतावर रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या मेळ्याचे, काय करणार, तेही ठरवा. मराठी वर्तमानपत्रांत छापा पडलेली कोणतीही मेजवानी ‘रेव्ह पार्टी’ होते. माझी मावशी गोव्यातल्या हणजूणच्या किनाऱ्यावर रात्रभर चटई अंथरून, कंदील लावून चहा आणि ऑम्लेट विकत असे. उजाडल्यावर वाळूत रुतलेले पेले शोधायला आम्ही मुले जात असू. गोवा ट्रान्स हे नृत्यसंगीत तिथेच घडले, पण तिच्या तोंडी कायम नुसते ‘पार्टी’ असे.

नीरजा: ‘रेव्ह’ ठेवावेच लागेल, कारण लेखात रेव्ह रोखणारा ब्रिटनचा १९९४ चा कायदा येतो. १९९२ च्या मे महिन्यात कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारो लोक काही दिवस नाचत राहिले, त्यानंतर तो आला. त्यात अशा संगीताची व्याख्याच ‘एकापाठोपाठ एक येणारे पुनरावर्ती ठेके’ अशी केली आहे.

जुनाजाणता: इथे थांबावे. ठेका म्हणजेच आवर्तन. तबल्यावरचा तीनतालाचा ठेका पुन्हा पुन्हा येतो म्हणूनच तो ठेका. ‘पुनरावर्ती ठेका’ ही द्विरुक्ती आहे. तिथे ‘ठोके’ हवे.

हणजूणकर: काका, ‘ठोके’ घड्याळाचे आणि हृदयाचे असतात.

जुनाजाणता: या संगीतात ढोल मात्रेमात्रेला, कमीजास्त न होता पडतो. घड्याळाशीच त्याचे नाते आहे.

सुमती: आणि हृदयाशीही आहे. नीरजा, ‘ठोके’ लिही. ‘उमाळ्या’वरचा माझा हक्क मात्र मी सोडलेला नाही.