मऊ, पातळ आणि तेलकट केसांवर प्रसाधनांचा थर साठतो. तो घरच्या घरी कसा काढावा?

सुरंगी:

नमस्कार. माझे केस जात्याच मऊ आणि पातळ आहेत. डोक्यावर ते विरळ नाहीत, पण एकेक केस अगदी बारीक आहे आणि टाळू तेलकट आहे. दादरला माहेरी असताना एक दिवसाआड डोक्यावरून न्हायले की केस मोकळे राहत असत. लग्नानंतर वाघोलीला राहायला आल्यापासून मात्र न्हाऊन केस पूर्ण वाळले, तरी मुळाशी ते चिकट आणि टोकांशी राठ लागतात, आणि कंगव्याच्या दातांत करडा, मेणासारखा मळ जमतो. आमच्या सोसायटीत बोअरवेलचे पाणी येते आणि उन्हाळ्यात त्याला टँकरची जोड असते. मी केस मऊ ठेवणारा, शाम्पू आणि कंडिशनर एकत्र असलेला शाम्पू वापरते, वर वेगळा कंडिशनर आणि वाळल्यावर थोडे सीरम लावते, आणि सकाळी वेळ नसेल तेव्हा ड्राय शाम्पू (पाण्याशिवाय वापरायचा) मारून कार्यालयात जाते.

नणंद म्हणते बेसन लाव, मैत्रीण म्हणते खाण्याच्या सोड्याने धू, आणि सासूबाईंचे मत असे की मी फार वेळा न्हाते म्हणूनच तेल अधिक सुटते, तेव्हा आठवड्यातून एकदाच न्हावे. केसांना रंग लावलेला नाही किंवा ते सरळ करण्याची कोणतीही प्रक्रिया केलेली नाही. हा थर घरीच काढायचा असेल तर नेमके काय करावे, आणि तो पुन्हा साठू नये म्हणून काय टाळावे?

रसशाळा:

सुरंगीताई, शाम्पूची सूत्रे बसवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही ज्याला एक थर समजत आहात ते बहुधा तीन वेगवेगळे पदार्थ आहेत, आणि त्यांतला प्रत्येक वेगळ्या उपायाने निघतो. घरगुती सल्ले फसतात ते बहुतेक वेळा याच कारणाने, कारण कोणता पदार्थ काढायचा आहे हे न पाहताच उपाय सुचवला जातो.

पहिला पदार्थ म्हणजे टाळूतील ग्रंथींतून पाझरणारे नैसर्गिक तेल. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि तुमचे केस त्यातल्या खालच्या टोकाचे असावेत. केस जितका बारीक, तितक्या थोड्या तेलानेही तो शेजारच्या केसाला बिलगतो, तुपात भिजवलेल्या फुलवाती एकमेकींना चिकटतात तसा. म्हणून जाड केसांच्या व्यक्तीइतकेच तेल सुटत असले, तरी तुमचे डोके लवकर चपटे आणि ओशट दिसते. हे तेल किती सुटावे हे मुख्यतः संप्रेरकांवर (हॉर्मोन्सवर), त्यातही अँड्रोजेन गटातल्या, अवलंबून असते. आपण कधी न्हालो याची नोंद ग्रंथी ठेवत नाहीत, त्यामुळे न्हाणे कमी केल्याने तेल कमी होईल ही समजूत बरोबर नाही. तुमच्या सासूबाईंच्या केसांना आठवड्याचे एक न्हाणे मानवत असेल, पण वयपरत्वे, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, तेल कमी सुटते हेही त्यामागचे कारण असू शकते. तुम्ही एक दिवसाआड, आणि उन्हाळ्यात गरज वाटल्यास रोजसुद्धा, खुशाल न्हावे.

दुसरा पदार्थ प्रसाधनांतून येतो. तुमच्या बाटल्यांच्या मागच्या बाजूचा मजकूर वाचा. डायमेथिकोन आणि अमोडायमेथिकोन ही सिलिकोने आहेत. पॉलिक्वाटर्नियम-१० किंवा गुआर हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड ही धनभारित बहुवारिके (पॉलिमर) आहेत. ओल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो आणि हे घटक त्याला मुद्दाम चिकटावेत अशीच त्यांची योजना असते, कारण त्यामुळेच केस गुळगुळीत लागतात. राठ, जाड किंवा कुरळ्या केसांना त्याचा उपयोगच होतो. शाम्पू-कंडिशनर एकत्र असलेल्या उत्पादनात मात्र जो मळ काढतो तोच लगेच नवा लेप चढवतो, त्यावर तुमचा कंडिशनर आणि त्यावर सीरम, असे बारीक केसांवर ओझे वाढत जाते. ड्राय शाम्पूमधला स्टार्च तेल शोषून घेतो, पण ते डोक्यावरच राहते. कंगव्यातला करडा मळ बहुतांशी या सगळ्याचे आणि मृत त्वचेचे मिश्रण असणार.

तिसरा पदार्थ पाण्यातून येतो, आणि दादरच्या व वाघोलीच्या केसांत जो फरक तुम्हाला दिसतो त्याचे मुख्य कारण मला हेच वाटते. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणा-तलावांतले पावसाचे साठवलेले पाणी मिळते आणि ते मृदू असते. बोअरवेलचे पाणी खडकाच्या भेगांतून मुरत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. आय.एस. १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातील या क्षारांचे प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालेल असे म्हटले आहे. यावरून दोन पाण्यांत केवढा फरक असू शकतो याची कल्पना यावी. क्षार केसांवर बसले की केस निस्तेज आणि खरखरीत लागतात. तुमची टोके राठ होण्याचे कारण हे असू शकते.

पाण्याची खात्री घरीच करता येते. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या अर्ध्या भरा, एकीत नळाचे आणि दुसरीत आरओचे, म्हणजे यंत्राने क्षार काढलेले, पाणी घ्या. दोन्हींत अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून झाकण लावून जोरात हलवा. नळाच्या बाटलीत फेसाऐवजी पांढरा साका आणि गढूळपणा दिसला तर पाणी कठीण आहे. या चाचणीला शाम्पू घेऊ नका, कारण शाम्पूतील कृत्रिम क्षालके (डिटर्जंट) कठीण पाण्यातही फेस करतात आणि फसगत होते.

आता उपाय. तेल आणि सिलिकोन यांसाठी एक साधा, पारदर्शक शाम्पू घ्या, ज्याच्या घटकांत सोडियम लॉरेथ सल्फेट किंवा सोडियम लॉरिल सल्फेट सुरुवातीलाच आहे आणि वर सांगितलेली सिलिकोने किंवा बहुवारिके नाहीत. बाजारात यालाच क्लॅरिफाइंग शाम्पू म्हणतात, पण त्या नावाचा आग्रह धरू नये, घटक पाहावेत. त्यात टेट्रासोडियम ईडीटीए, फायटिक आम्ल किंवा सायट्रिक आम्ल असेल तर ते क्षारांनाही धरून ठेवते. केस कोमट पाण्याने नीट भिजवा, शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून थेट टाळूवर ओता आणि नखे न लावता बोटांच्या पेरांनी चोळा. पहिल्या वेळी फेस जवळजवळ येणार नाही, कारण तेल फेस मारते. धुऊन लगेच दुसऱ्यांदा थोडा शाम्पू घेतला की भरपूर फेस येईल. टोकांना वेगळे चोळण्याची गरज नाही, वरून वाहणारे पाणी त्यांना पुरते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे आठवड्यातून एकदा हे करावे आणि पुढे महिन्यातून एक-दोनदा. एरवी कोणताही सौम्य, सिलिकोनविरहित शाम्पू चालेल.

क्षारांसाठी लिटरभर आरओच्या पाण्यात १५ मिलिलिटर साधे पांढरे व्हिनेगर घालून शेवटी ते केसांवरून ओतावे, मिनिटभर थांबावे आणि मग साध्या आरओच्या पाण्याने धुवावे. यापेक्षा तीव्र मिश्रणाने लाभ वाढत नाही, टाळू मात्र चुरचुरते. व्हिनेगर सिलिकोन काढत नाही, हेही लक्षात असू द्या. खाण्याच्या सोड्याचा सल्ला मी स्पष्टपणे नाकारतो: त्याचा सामू (पीएच) ८ च्या वर आणि निरोगी टाळूचा साधारण ५.५, अशा आम्लारीने केसांची वरची खवले उचलली जातात, केस एकमेकांत गुंततात आणि बारीक केस तुटतात.

माजघर:

रसशाळा यांनी लिहिलेले पटले, परंतु शिकेकाईचा उल्लेख राहिला म्हणून लिहिते. माझे केसही पातळ आहेत आणि मी आजवर शिकेकाईनेच न्हात आले आहे. शिकेकाईच्या शेंगा, थोडे रिठे आणि वाळलेले आवळे रात्री भिजत घालावेत, सकाळी उकळून कुस्करावेत आणि पातळ सुती फडक्यातून दोनदा गाळावेत. गाळण्यात आळस केला तर चोथा बारीक केसांत अडकतो आणि दिवसभर खाली पडत राहतो. तयार भुकटी थेट डोक्याला लावणाऱ्यांची तक्रार बहुधा हीच असते. बेसनाचेही तसेच आहे, ते तेल शोषते पण पातळ केसांतून निघता निघत नाही. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर फार झोंबते, म्हणून डोके मागे करून न्हावे.

तेलाबद्दल माझा अनुभव असा की न्हाण्याच्या तासभर आधी खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब फक्त टोकांना लावले तर केस कमी तुटतात. टाळूवर थापून रात्रभर ठेवण्याची पद्धत ज्यांचे डोके कोरडे आहे त्यांच्यासाठी ठीक आहे, तुमच्यासाठी नाही. आणि व्हिनेगरऐवजी लिंबू पिळून उन्हात केस वाळवण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. लिंबाचा रस कातडीवर राहून ऊन लागले की डाग पडतात आणि कधी फोडही येतात.

रसशाळा:

माजघर यांचे म्हणणे योग्य आहे. शिकेकाई आणि रिठ्यातील सॅपोनिने, म्हणजे फेस देणारे नैसर्गिक घटक, कठीण पाण्यात साबणासारखा साका धरत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. मात्र साठलेले सिलिकोन त्यांनी निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. आधी एक-दोनदा वर सांगितलेल्या शाम्पूने केस स्वच्छ करून मग शिकेकाईकडे वळावे. खोबरेलाबाबत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली होती आणि धुताना केसातील प्रथिनांची झीज केवळ खोबरेलाने कमी झाल्याचे आढळले होते, कारण त्यातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते. तेव्हा टोकांना दोन थेंब, यावर आमचे एकमत आहे.

शुभ्रा:

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. वरील चर्चेत एकच गोष्ट जोडते. टाळू लाल असेल, खाज असेल, पिवळसर ओशट खपल्या निघत असतील किंवा तशाच खपल्या भुवयांत आणि नाकाच्या कडेला दिसत असतील, तर तो प्रसाधनांचा थर नसून सेबोऱ्हिक डर्मटायटिस हा त्वचाविकार असण्याची शक्यता आहे. मॅलासेझिया नावाची बुरशी तेलावर जगते आणि खोबरेल तेलानेही पोसली जाते, म्हणून अशा टाळूला तेल लावू नये. त्यावर सहसा २ टक्के केटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, डोक्यावर पाच मिनिटे ठेवून, काही आठवडे वापरायला सांगितला जातो. तो तपासणी करून घ्यावा. तेलकटपणा अचानक वाढला असेल आणि त्याबरोबर पाळी अनियमित होणे, हनुवटीवर केस येणे किंवा भांग रुंदावणे असे काही जाणवत असेल, तर पीसीओएसची (बीजांडकोशांशी संबंधित संप्रेरक-विकाराची) तपासणी आवश्यक आहे. तिथे शाम्पू बदलून काही साध्य होणार नाही.

सुरंगी:

सर्वांचे मनापासून आभार. खाज किंवा खपल्या नाहीत आणि पाळीही नियमित आहे. बाटल्यांची चाचणी करून पाहिली, तर नळाच्या पाण्यात अक्षरशः दह्याची निवळी दिसावी तसा साका झाला आणि आरओच्या पाण्यात छान फेस आला. शाम्पूच्या बाटलीवर डायमेथिकोन आणि गुआर दोन्ही आहेत, सीरममध्ये तर डायमेथिकोन आणि सायक्लोपेंटासिलोक्सेन (हेही सिलिकोनच) यांखेरीज फारसे काहीच नाही. अजून दोन शंका आहेत. कंडिशनर पूर्ण बंद करावा का? आणि शॉवरला लावायच्या फिल्टरच्या जाहिराती सारख्या दिसतात, त्याने हे पाणी मृदू होईल का?

रसशाळा:

कंडिशनर बंद करण्याची गरज नाही, जागा आणि प्रमाण बदला. कानाच्या खालच्या केसांना वाटाण्याएवढा लावावा, मुळांना अजिबात नाही, आणि नीट धुवावा. तरीही केस चपटे वाटले तर क्रम उलटा करावा, म्हणजे ओल्या टोकांना आधी कंडिशनर आणि त्यावर शाम्पू. सीरम थांबवा. ड्राय शाम्पू एखाद्या अडचणीच्या सकाळपुरता ठेवा आणि त्या संध्याकाळी न्हा. दुचाकीवर जाताना डोक्याला स्कार्फ बांधत असाल तर तो आणि हेल्मेटचे आतले अस्तर नियमित धुतले पाहिजे, तसेच कंगवाही कोमट पाण्यात शाम्पू घालून. नाहीतर धुतलेल्या डोक्यावर तोच मळ परत येतो.

शॉवरच्या छोट्या फिल्टरमध्ये बहुधा कोळसा किंवा धातूंचे कण असतात आणि ते क्लोरीन कमी करतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम काढायचे तर आयन-विनिमय करणारे राळेचे दाणे लागतात, आणि ते दाणे थोड्याच दिवसांत भरून जात असल्याने त्यांना वेळोवेळी मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करावे लागते. मुठीएवढ्या नळकांड्यात हे फार काळ टिकत नाही. असे यंत्र घराच्या टाकीला किंवा सोसायटीच्या मुख्य टाकीला बसवता येते, तेव्हा तुमच्या सोसायटीत ते आहे का, आणि असल्यास त्यात मीठ वेळेवर भरले जाते का, हे व्यवस्थापकांना विचारावे. अनेक ठिकाणी यंत्र असते पण मीठ संपलेले असते. तोवर शेवटचे दोन मग आरओच्या पाण्याचे घ्या. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र डोक्यावर घेऊ नका, त्यात क्षार नळाच्या पाण्याहूनही अधिक असतात.