मदत हवी आहे: वारली भाषा जनगणनेत मराठी गटातून भिली गटात कधी गेली?

पीएचडीच्या प्रस्तावासाठी आरेतल्या पाड्यांवर वारली बोलणाऱ्यांच्या मुलाखती घेतोय. विषय व्याकरणाचा नाही, भाषेच्या सरकारी नोंदीमागच्या राजकारणाचा. ग्रिअर्सनच्या ब्रिटिशकालीन भाषा सर्वेक्षणात (खंड ७, १९०५) वारली मराठीखाली येते. २०११च्या जनगणनेत ती भिली/भिलोडी गटात आहे. मधल्या काळात काय झालं, तिथेच अडलोय. एक आजी चूल फुंकता फुंकता म्हणाल्या, "बोलतो वारली, पण गुरुजींनी कागदावर मराठी लिवलं." म्हणजे गट बदलायच्या आधीच नोंद बदलते, ते वेगळंच प्रकरण.

१९६१ची मातृभाषांची यादी (तीच ती, १६५२ नावांची) स्कॅनमध्ये मिळाली, पण इतकी पुसट की तळटीपा लागतच नाहीत. मार्गदर्शकांना विचारलं, ते समाजशास्त्राचे, त्यांनी हात वर केले. मुंबई विद्यापीठाच्या कलिना ग्रंथालयाचं माझं जुनं कार्ड संपलंय, नोकरीमुळे फक्त शनिवार मोकळा. पुण्याला जाणं तूर्त शक्य नाही.

१९३१ ते १९७१च्या जनगणनेतले भाषांचे तक्ते, छापील खंड, मुंबईत शनिवारी आणि सभासद नसताना कुठे बघायला मिळतील? आणि वारलीचा गट नेमका कुठल्या जनगणनेत बदलला, हे कुणी स्वतः तक्त्यात पाहिलंय का?