वडिलांना जठराचा कॅन्सर होता. रक्ताची मार्कर टेस्ट करून निर्धास्त होता येतं का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. वय ४४, सांगलीजवळ द्राक्षबाग आहे. वडील जठराच्या कॅन्सरने गेले. सुरुवातीला दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, सगळे 'पित्त आहे' म्हणत राहिले. कळलं तेव्हा यकृतापर्यंत पोचला होता. आता मलाही जळजळ होते, पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी रोज चालू असते. परवा एका लॅबच्या माणसाने फोनवर 'कॅन्सर पॅकेज' सांगितलं: सीईए, सीए १९-९, सीए ७२-४, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारी तीन द्रव्यं, त्यांनाच मार्कर म्हणतात. घरी येऊन रक्त नेणार. बायको म्हणते करून टाका, मनाला शांती. तिन्ही नॉर्मल आले तर विषय संपला समजू का? दुर्बीण घालून घ्यायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

चहाबाज
घ्या की करून, रक्तच तर द्यायचंय. आमच्या साडूंचं सीईए डॉक्टर स्वतः सांगून करतात.

मिरजेची_ताई
चहाबाज, साडूंचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालंय का? असेल तर त्यांचे डॉक्टर बरोबर आहेत. आजार परततोय का हे बघायला सीईए उपयोगी पडतं. ते सापडलंही आतड्याच्या गाठीतच, १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये, गोल्ड आणि फ्रीडमन यांना.

कृष्णाकाठ, मी आयुष्यभर लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री केली, आता निवृत्त आहे. सरळ सांगते, या पॅकेजवर विसंबू नका. गाठ जठराच्या वरच्या अस्तरातच असते तेव्हा ही द्रव्यं रक्तात फारशी उतरत नाहीत, त्यामुळे अगदी सुरुवातीला बहुतेकांचे तिन्ही आकडे नॉर्मल असतात. म्हणजे जेव्हा सापडायला हवा, नेमका तेव्हाच हुकतो. उलट सिगारेट ओढणाऱ्याचं सीईए उगाच वर असतं. पित्ताशयातल्या खड्याने नळी अडून कावीळ झाली की सीए १९-९ चढतं. काही माणसांच्या शरीरात तर सीए १९-९ जन्मतःच तयार होत नाही, रक्तगटासारखी गोष्ट आहे ती. त्यांना कॅन्सर झाला तरी रिपोर्ट गोड.

आणि हिशोब करा. समजा हजार धडधाकट माणसांत एकाला आजार आहे, आणि टेस्ट शंभर निरोग्यांतल्या पाचांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. पन्नास घरांत रडारड, त्यांचे सीटी स्कॅन, आणि तो एक कदाचित नॉर्मल म्हणून घरी.

रक्तातलं कामाचं प्रथिन वेगळंच आहे: पेप्सिनोजेन. ते दोन प्रकारचं. पहिलं जठराच्या वरच्या-मधल्या भागातल्या ग्रंथींतून येतं, दुसरं सगळ्या जठरातून आणि थोडं पुढच्या आतड्यातूनही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वर्षानुवर्षं राहिला की अस्तर झिजतं, पहिलं घटतं, दुसरं टिकून राहतं आणि दोघांचं गुणोत्तर पडतं. जपानमध्ये पहिलं मिलीलीटरमागे ७० नॅनोग्रॅम किंवा कमी आणि गुणोत्तर ३ किंवा कमी, असं दोन्ही जमलं की अस्तर झिजलंय असं धरतात, म्हणजे कॅन्सरचा धोका जास्त. तुम्ही बागायतदार, म्हणून तुमच्या भाषेत: हे माती परीक्षण आहे. पीक कसं आलंय ते शेतात उतरूनच बघावं लागतं.

पण तुमच्या बाबतीत तेही फसेल. पँटोप्राझोलने पेप्सिनोजेन वाढतं, मग झिजलेलं अस्तरही चांगलं दिसतं.

योकोहामाकर
ताईंनी जपान काढलं म्हणून लिहितो. इथे कंपनीच्या तपासणीत एक्स-रेमध्ये जठर दिसावं म्हणून बेरियमचं पांढरं द्रावण पाजतात. आधी फसफसणारी पावडर, वर 'ढेकर देऊ नका' अशी ताकीद, मग टेबलावर गोल गोल लोळवतात. दुपारभर जुलाबाच्या गोळीचा प्रताप. सरकारी तपासणीत २०१६ पासून दुर्बीणही आली, पन्नाशीपुढे दोन वर्षांतून एकदा.

मी जादा पैसे भरून 'एबीसी' केली होती. त्यात जंतूची अँटिबॉडी आणि पेप्सिनोजेन एकत्र बघतात. दोन्ही ठीक असेल तर ए, नुसता जंतू असेल तर बी, जंतूसोबत झीज असेल तर सी. डी गट ऐकून मी चक्रावलो: जंतू नाही पण झीज आहे, आणि धोका सगळ्यात जास्त! अस्तर इतकं उजाड झालेलं असतं की जंतूलाही तिथे राहवत नाही. माझा बी आला. इथल्या विम्यातून जंतू मारायचं औषध मिळायला आधी दुर्बीण लागते, ती नाकातून घातली, बारीक असते. मग आठवडाभर गोळ्या. जंतू मारल्यावर या टेस्टला अर्थ उरत नाही, त्यामुळे आता थेट दुर्बीणच.

कृष्णाकाठ
ताई, म्हणजे मी रक्त देऊच नको?

मिरजेची_ताई
द्या, पण हिमोग्लोबिनसाठी. जठरातून थोडं थोडं रक्त जात असेल तर ते आधी तिथे दिसतं, आणि टेस्टही स्वस्त. बाकी पोटाच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिलं वाक्य 'वडिलांना होता' हेच बोला. जळजळ नंतर सांगा.

दुर्बिणीला रात्रीपासून उपाशी, घशात बधिरतेचा फवारा, काम काही मिनिटांचं. फार भीती असेल तर गुंगीचं इंजेक्शन मागा, कुणी हसणार नाही. त्याच वेळी अस्तराचे तुकडे घेऊन जंतूही तपासता येतो. त्यासाठी पँटोप्राझोल साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जंतू लपतो. पण ती डॉक्टरांना विचारून थांबवा, माझ्या सांगण्यावरून नको.

जंतू निघाला तर मारून टाका. कोरियात हे तुमच्यासारख्यांवरच तपासलंय, म्हणजे जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या आईवडील, भावंडं, मुलांवर. २०२० साली निकाल आला. नऊएक वर्षांत औषध घेतलेल्यांपैकी १.२ टक्के लोकांना कॅन्सर झाला, न घेतलेल्यांपैकी २.७ टक्के.

सख्खी भावंडं आहेत का? असतील तर त्यांनाही हाच सल्ला.

कृष्णाकाठ
एक बहीण आहे, इस्लामपूरला. आज रात्री फोन करतो. लॅबवाल्याला नको म्हणून कळवलं, तर तो म्हणतोय चाळीस टक्के सूट देतो.