अल्फा आणि पीपीई किटमधला घाम

कोविडची चिंता मोजणारी प्रश्नावली मराठीत करताना तिचा अल्फा ०.९ आला म्हणजे ती वैध झाली, म्हणजे जे मोजायचं तेच मोजते, असं काही जण धरून चालतात; ते मला पटत नाही. क्रॉनबॅकचा अल्फा हा आकडा एवढंच सांगतो की प्रश्नावलीतल्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांसोबत वरखाली होतात. एकच प्रश्न शब्द फिरवून पाचदा विचारला तरी तो वाढतो. मोजली जातेय ती चिंताच का, हे त्यावरून कळत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये मी नागपुरात इंटर्न होते. कोविड वॉर्डातून बाहेर येऊन किट उतरवलं की आतले कपडे अक्षरशः पिळून घ्यावे लागत. त्याच आठवड्यात एक फॉर्म भरला: धडधड होते का, घाम फुटतो का, चक्कर येते का? तिन्हींवर 'जवळजवळ रोज' अशी खूण केली. होतच होतं ते, पण उन्हाने आणि किटमुळे! आईला संसर्ग होईल ही माझी खरी धास्ती, त्या धास्तीबद्दल एकही प्रश्न नव्हता. २०२० च्या कोरोनाव्हायरस अँक्झायटी स्केल या चिंतेच्या प्रश्नावलीमध्येही चक्कर, झोप, भूक हेच आहे, पण तिथे प्रत्येक लक्षण कोरोनाच्या विचाराशी किंवा बातमीशी बांधलेलं आहे. मराठी करताना नेमका तोच तुकडा गळू देऊ नका. पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, आठ-दहा इंटर्नना शेजारी बसवून 'हे उत्तर का दिलंस?' असं विचाराच. आणि रीटेस्टमध्ये, म्हणजे त्याच लोकांकडून फॉर्म पुन्हा भरून घेताना, फार दिवस जाऊ देऊ नका. दोन आठवड्यांत लाट चढते, भीती खरोखरच बदलते आणि खापर मात्र प्रश्नावलीवर फुटतं.