आनंद पटवर्धनांची डॉक्युमेंटरी तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिली?

पटवर्धनांच्या फिल्म सहज कुठे लागत नाहीत. दूरदर्शनवर दाखवून घ्यायलाही त्यांना कोर्टात जावं लागलं. तरी कुणी कॉलेजात, कुणी वस्तीत पडदा बांधून, कुणी हातोहात फिरणाऱ्या सीडीवर त्या पाहिल्या आहेत. तो अनुभव इथे लिहा.

सुरुवात मी करते. 'हमारा शहर' (१९८५) कॉलेजात पाहिली. झोपडी पाडल्यावर उघड्यावर आलेली एक बाई शूटिंग करणाऱ्यांवरच उखडते: आमचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला काय? पटवर्धनांनी तो तुकडा कापला नाही. अजूनही कुठलीही डॉक्युमेंटरी बघताना मी आधी असा माणूस शोधते.

•

आमच्या वस्तीत 'जय भीम कॉम्रेड' लावली होती. तीन तासांच्या वरची फिल्म, सतरंजीवर बसून. ११ जुलै १९९७ ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी कपाळाला निळी पट्टी बांधून गळफास घेतला. 'हमारा शहर'मध्ये गाणारे तेच. तिथून पुढे १४ वर्षं पटवर्धन शूट करत राहिले. गाणी सुरू झाली तशी आमच्या आळीतल्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. एरवी सिनेमात डुलक्या काढणारी माझी आजी शेवटपर्यंत ताठ बसून होती. घोगरेंचं नाव आलं की पदर तोंडाशी न्यायची.

•

मी एडिटिंग करतो. बिहारच्या आंदोलनावरची त्यांची 'क्रांती की तरंगें' आणीबाणीत तुकडे करून परदेशात पाठवली आणि तिथे पुन्हा जोडली, हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आणि प्रश्न किती साधे! अयोध्येच्या वादावरच्या 'राम के नाम'मध्ये ते तरुणांना विचारतात, रामाचा जन्म कोणत्या साली झाला? पोरं एकमेकांकडे बघत राहतात. कॅमेरा हलत नाही. मी असतो तर तिथे घाईने कट मारला असता.

•

मला त्यांची बाजू दर वेळी पटत नाही. अणुबॉम्बच्या विरोधातली 'जंग और अमन' बघून मी चिडलो होतो, घरी जाऊन भावाशी भांडलो. पण सेन्सॉरने सांगितलेले कट नाकारून उच्च न्यायालयातून ती अख्खी सोडवून आणली, म्हणूनच मला चिडता आलं. परवा पुन्हा बघितली. भावाला बोलावून.