क्लस्टरच्या एनएफएसला सिंक ठेवू की असिंक?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. लातूरला कॉलेजात ५ जुने डेस्कटॉप जोडून पावसाच्या मॉडेलसाठी छोटा क्लस्टर केलाय. हेड नोडचं (मुख्य मशीनचं) होम फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायची पद्धत) बाकी ४ नोडवर माउंट आहे. सगळीकडे उबंटू, स्विच १ गिगाबिटचा.

मोठी फाइल सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जाते, म्हणजे नेटवर्क ठीक. पण मॉडेल हजारो बारक्या फायली लिहायला लागलं की सगळं रांगतं, हेड नोडच्या हार्डडिस्कचा दिवा विझतच नाही. एनएफएसचे थ्रेड (एकाच वेळी विनंत्या हाताळणारे) ८ वरून ३२ केले, नोअटाइम (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणं) लावलं. काडीचा फरक नाही. एक्स्पोर्टमध्ये (हेड नोडच्या शेअरिंगच्या सेटिंगमध्ये) सिंक, म्हणजे डेटा डिस्कवर उतरल्यावरच ‘लिहिलं’ सांगणं, काढून असिंक, म्हणजे उतरायच्या आधीच ‘लिहिलं’ सांगणं, केलं आणि काम झरझर झालं! पण इथं लाइट कधी जाईल नेम नाही, यूपीएस जेमतेम १० मिनिटं टिकतो. असिंकमध्ये हेड नोड मध्येच बंद पडला तर डिस्कवर न उतरलेला डेटा गेलाच. पोरांचे आठवडाभर चालणारे रन असतात, ती जोखीम मला घ्यायची नाही.

बजेट एका एसएसडीपुरतं आहे, नवा सर्व्हर जमणार नाही. मग पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली (लाइट गेली तरी हातातला डेटा जपणारी) एसएसडी घेऊन हेड नोडवर झेडएफएस या फाइलसिस्टमच्या लॉगसाठी (सिंक लिखाण आधी जिथे नोंदलं जातं ती जागा) लावू, की सिंक तसंच ठेवून प्रत्येक नोडच्या स्वतःच्या डिस्कवर लिहू आणि शेवटी निकाल तेवढे कॉपी करू?