जीर्णोद्धार करताना जुना दगड झाकावा का?

मूळ मत (शहापूर, बेळगाव)
आमच्या गल्लीतील देवळाच्या सभामंडपात गुळगुळीत ग्रॅनाइट बसवायचे आणि दगडी खांबांना ऑइल पेंट द्यायचे पंचांनी ठरवले आहे. वर्गणी मी आनंदाने देईन, पण या दोन्ही कामांना माझा विरोध आहे. किल्ल्यातील कमल बस्तीत जाऊन एकदा मान वर करून पाहावे: रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने १२०४ मध्ये बांधवलेल्या या जिनालयाच्या छतातून दगडी कमळ खाली झुकले आहे, आणि त्यावर रंगाचा हात फिरलेला नसल्यामुळेच त्याची पाकळी न् पाकळी उठून दिसते.

प्रतिसाद (अनगोळ)
तुलना मला पटत नाही. कमल बस्ती पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे, आपली देवळे गल्लीच्या वर्गणीवर चालतात. बेळगावच्या पावसात जुनी फरशी शेवाळते आणि श्रावणी सोमवारी ओल्या पायांनी आलेल्या म्हाताऱ्या बायका घसरतात. माझ्या आईचा हात अशाच वेळी मोडला. देऊळ ही नांदती वास्तू आहे. ज्यांची तिथे रोज पूजा असते, त्यांची सोय आधी पाहिली पाहिजे.

मूळ लेखकाचे उत्तर
आपल्या मातोश्रींना झालेली इजा मी हलकी मानत नाही. मात्र ओला ग्रॅनाइट जुन्या दगडापेक्षाही निसरडा होतो. आधी छताची गळती थांबवून तीच फरशी छिन्नीने टाकी मारून खडबडीत करून घेतली, तर पाय ठरेल. खांबांबद्दल तर मी अधिकच आग्रही आहे. गेल्या महिन्यात एका खांबावरची काजळी आम्ही कोमट पाण्याने पुसली, तेव्हा कमरेच्या उंचीवर अक्षरांच्या दोन ओळी दिसल्या. त्या अजून कोणी वाचलेल्या नाहीत. बीचिराजाचे नाव तरी आपल्याला कशामुळे ठाऊक आहे? बेळगावातून गेलेल्या आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या शिलालेखांमुळे. किल्ल्यातल्याच साफा मशिदीच्या दोन खांबांवरही मशिदीहून जुने लेख आहेत आणि ते वाचले गेले, कारण अक्षरे उघडी होती.

प्रतिसाद (अनगोळ)
अक्षरांचे मला माहीत नव्हते. त्या खांबाला रंग लागू नये, हे मी पंचांच्या बैठकीत स्वतः मांडीन, आणि जाणकाराकडून ठसा घेईपर्यंत बाकीचे खांबही थांबवावेत. फरशीच्या बाबतीत मात्र माझे मत कायम आहे: ग्रॅनाइट नको असेल तर खडबडीत शहाबादी घाला, पण पावसाळ्याआधी घाला.